आधी प्लग बघा, मग गाडी

आमच्या मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये आता सात विजेवरच्या गाड्या आहेत: सहा स्कूटर आणि एक इटुकली कार. त्यातल्या तिघांनी घेण्याआधी मला विचारलं, चौघांनी घेतल्यावर. नंतर विचारणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "ताई, आता ही चार्ज कुठं करायची?" शोरूममध्ये रंग निवडायच्याही आधी सुटायला हवा असा हा प्रश्न. नागपुरात पहिल्यांदाच अशी गाडी घेणाऱ्यांसाठी मी इथे त्याच क्रमाने लिहिते आहे, ज्या क्रमाने मी स्वतः करायला हवं होतं आणि केलं नाही.

पहिलं काम: आठवडाभर फेरी मोजा

कागद घ्या, किंवा मोबाइलवर लिहा. सोमवार ते रविवार, रोज किती किलोमीटर झाले ते टिपा. अंदाजाने नको. माझा अंदाज रोजचे चाळीस होता. प्रत्यक्षात मनीषनगर ते सदर ऑफिस, परतताना आठवड्यातून दोनदा महालात सासूबाईंकडे, एखाद दिवशी बर्डीवर खरेदी असं सगळं धरून सरासरी सत्तावीस निघाले. हे सत्तावीस हातात आल्यावर दीडशे किलोमीटर रेंजच्या, म्हणजे एका चार्जमध्ये दीडशे पळेल म्हणणाऱ्या, जाहिरातीकडे माणूस जरा शांतपणे बघतो.

जाहिरातीतला आकडा हा ठरावीक चाचणीतला असतो. तिथे वेग ठरलेला, रस्ता सपाट, मागे कुणी बसलेलं नाही. आपल्याकडे मागे बायको किंवा मुलगा, पुढे भाजीची पिशवी, आणि रिकामा उड्डाणपूल दिसला की मूठ आपोआप पिळली जाते. मी जाहिरातीच्या आकड्याला सरळ सत्तर टक्क्यांवर आणते. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी झाल्यावर आणखी थोडी घट धरा. तरीही जे उरेल ते तुमच्या सर्वांत लांबच्या दिवसाला पुरून वर वीस किलोमीटर राहात असतील, तर ती बॅटरी तुम्हाला पुरे. त्याहून मोठी बॅटरी म्हणजे रोज पाठीवर वाहून न्यायचं वजन आणि अडकवलेले पैसे.

बुटीबोरीला रोज जाणाऱ्यांचं गणित वेगळं. जाऊन-येऊन साठ किलोमीटर, तेही मोकळ्या वर्धा रोडवर वेगात. वेग वाढला की हवेचा रोध झपाट्याने वाढतो, आणि साठच्या वेगाने चाललेली स्कूटर चाळीसच्या वेगापेक्षा बरीच जास्त बॅटरी खाते. त्यांनी मोठीच बॅटरी घ्यावी, किंवा कारखान्यात प्लग मिळतो का ते आधी विचारावं.

आणि एक प्रामाणिक गोष्ट. तुमचं घर उज्ज्वलनगर किंवा जयप्रकाशनगर स्टेशनपासून चालत अंतरावर असेल आणि ऑफिस कस्तुरचंद पार्क किंवा बर्डीच्या आसपास असेल, तर आधी महिनाभर मेट्रोने जाऊन बघा. कदाचित हा लेख इथेच थांबवता येईल.

दुसरं काम: प्लग

नागपूरला या बाबतीत जुना अनुभव आहे. मे २०१७ मध्ये विजेवरच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग इथेच सुरू झाला, दोनशे गाड्यांचा. चालकांचं पुढे काय दुखणं झालं? चार्जिंगला लागणारा वेळ आणि त्यासाठीच्या रांगा. गाडी रस्त्यावर पळण्यापेक्षा प्लगपाशी उभी राहिली तर टॅक्सीवाल्याचा धंदा बुडतो. आपला धंदा बुडत नाही, फक्त सकाळी ऑफिसला उशीर होतो. म्हणून घरचा प्लग हाच खरा पेट्रोल पंप समजा. बाहेरचा चार्जर अडीअडचणीला.

स्कूटरचा घरगुती चार्जर साधारण सातशे ते हजार वॅट ओढतो. "आपली इस्त्री पण तेवढीच ओढते, त्यात काय?" असं आमच्या सेक्रेटरीकाकांनी मला मीटिंगमध्ये सुनावलं होतं. फरक वेळेचा आहे. इस्त्री दहा मिनिटं चालते, तीही मधूनमधून बंद होत. चार्जर सलग चार-पाच तास त्याच जोराने ओढतो. जुना ढिला सॉकेट दहा मिनिटं सहन करतो, चार तास नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाही. पहिल्या उन्हाळ्यात मी बाल्कनीतून एक्स्टेन्शन खाली सोडली होती. त्याच बोर्डावर कूलर. आठ-दहा दिवसांनी प्लग काढायला गेले तर तो सॉकेटला चिकटलेला. ओढून काढला तेव्हा पांढऱ्या प्लास्टिकचा एक कोपरा चहाच्या रंगाचा झालेला, आणि जळक्या रबराचा तो वास. आमच्या वीजवाल्या भाऊंनी उलट्या बोटाने बोर्डाला हात लावला आणि म्हणाले, "ताई, कूलर अन्‌ गाडी एकाच बोर्डावर चालून राहिली, वायर बारीक, तापणारच न जी!" त्याच दुपारी ते काम आम्ही नीट करून घेतलं.

नीट म्हणजे काय, तर असं. बहुतेक फ्लॅट स्कीममध्ये सगळ्यांची मीटर्स तळमजल्यावर, पार्किंगजवळच असतात. वरच्या घरातून वायर खाली आणायची गरजच नसते. आपल्या स्वतःच्या मीटरपासून आपल्या पार्किंगपर्यंत वेगळी लाइन ओढायची. स्कूटर असेल तर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, छोटी कार असेल तर चारची. शेवटी झाकण असलेला सोळा अँपिअरचा सॉकेट, गीझरला असतो तसला. मधे एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि वीज गळली की पडणारा तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी. हा आरसीसीबी विसरू नका. पावसात ओल्या पायाने प्लग लावताना वीज अंगातून जायला लागली, तर हाच सर्वांत आधी लाइन तोडतो.

या पद्धतीचा दुसरा फायदा बिलाचा. युनिट तुमच्याच बिलात पडतात. सोसायटीच्या कॉमन मीटरवर कुणी चार्जिंग करतंय का, यावरून जिन्यात होणारी भांडणं टळतात. तरी लाइन ओढण्याआधी सोसायटीला एक साधं पत्र द्या, सोबत वायर कुठून जाणार त्याचं हाताने काढलेलं चित्र. घरातल्या जोडणीवरून खाजगी गाडी चार्ज करायला केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत परवानगी आहे, हे पत्रात एका ओळीत लिहा. आमच्याकडे त्या ओळीने अर्धी मीटिंग वाचवली.

अर्थिंग तपासून घ्या. महाल, इतवारीच्या जुन्या घरांमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, पण त्यामागे वायरच नसते. काही चार्जर अर्थिंग मिळालं नाही तर सुरूच होत नाहीत, आणि माणूस बिचारा गाडीलाच दोष देत बसतो. जिथे एकच जिना आहे अशा घरात जिन्याखाली चार्जिंग नको. काही पेटलंच, तर बाहेर पडायची वाटच बंद होईल.

तिसऱ्या मजल्यावर राहता, लिफ्ट नाही, खाली प्लगची सोय होणारच नाही? मग काढता येणाऱ्या बॅटरीची स्कूटर बघा. पण शोरूममध्ये ती बॅटरी हातात धरून दोनदा जिना चढून बघा. एकेक बॅटरी दहा-बारा किलोची असते, आणि काही गाड्यांत त्या दोन असतात. मे महिन्यात संध्याकाळी सात वाजता ऑफिसातून आल्यावर हे रोज जमेल का, ते तुमच्या गुडघ्यांना विचारा.

बाहेरच्या चार्जरबद्दल नवख्यांचा एक गैरसमज असतो. मोबाइलच्या नकाशावर चार्जिंग स्टेशनच्या भरपूर खुणा दिसतात. त्यातले जलद चार्जर बहुतेक कारसाठीच्या सीसीएस-२ जोडणीचे असतात, ती जोडणी स्कूटरला बसतच नाही. दुचाकींसाठी वेगळी एकत्रित जोडणी भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मान्य केली, पण सगळ्या कंपन्या तिच्यावर आलेल्या नाहीत. म्हणून विक्रेत्याला असं विचारा, "ही गाडी घेऊन मी आत्ता कुठे जाऊन चार्ज करू शकते, ते तीन पत्ते सांगा." मग त्यातल्या एका जागी खरोखर जाऊन या.

वीज किती लागेल

विजेचं एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास. स्कूटर शहरात किलोमीटरला साधारण तीस वॅट-तास खाते. माझे महिन्याचे सातशे किलोमीटर, म्हणजे एकवीस युनिट. चार्जरमध्ये थोडी वीज उष्णता होऊन वाया जाते, ती धरून चोवीस-पंचवीस. आता शेजारी दोनशे वॅटचा आपला डेझर्ट कूलर ठेवा. रोज दहा तास चालला तर महिन्याला साठ युनिट. गाडीमुळे बिल फुगेल म्हणणाऱ्या सासूबाईंना मी हे गणित दाखवलं तेव्हा त्यांनी कूलरकडे असं काही पाहिलं की विचारू नका.

मात्र महावितरणच्या घरगुती दराला टप्पे आहेत: शंभरपर्यंत, तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत. तुमचा वापर तीनशेच्या काठावर असेल, तर गाडीची युनिट वरच्या दराने पडतील. मागच्या वर्षीची बारा बिलं काढा, मे आणि जूनची नीट बघा. पेट्रोलची बाजूही अशीच मांडा: सातशे किलोमीटरला लिटरमागे पंचेचाळीस धरले तर साडेपंधरा लिटर. आजच्या भावाने तुम्हीच गुणा.

धूर निघत नाही म्हणून फार मिरवूही नका. आपली वीज बरीचशी कोराडी-खापरखेड्याच्या कोळशातून येते, आणि तिकडची राख तिकडच्या लोकांच्या अंगणात पडते. बडकस चौकातली हवा तेवढी जरा बरी राहते.

तिसरं काम: कोणत्या जातीची गाडी

बाजारात तीन जाती आहेत.

पहिली कमी वेगाची. मोटर अडीचशे वॅटपर्यंत, वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत, बॅटरीशिवाय वजन साठ किलोच्या आत. ही मोटार वाहन गणली जात नाही, त्यामुळे नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. गल्लीतून मेट्रो स्टेशनपर्यंत किंवा रामनगरच्या बाजारापर्यंत ठीक. वर्धा रोडवर नको, मागून येणारी बस तुम्हाला मोजतच नाही. काही दुकानदार "एक वायर काढली की चाळीस पळते" असं हळूच सांगतात. ती वायर काढल्या क्षणी तुम्ही विनानोंदणी, विनाविमा मोटार चालवत असता. अपघात झाला तर दुकानदार ओळखही दाखवणार नाही.

दुसरी नोंदणीची स्कूटर: हिरवी पाटी, पांढरे आकडे. बहुतेकांसाठी हीच. बॅटरीवर एआयएस-१५६ या सुरक्षा मानकाचा उल्लेख आहे का ते बघा. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी स्कूटरी पेटल्या, त्यानंतर हे नियम कडक झाले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधी बनलेला माल कुणी स्वस्तात गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

तिसरी जात म्हणजे इटुकली कार. आमच्या स्कीममधली एमजी कॉमेट आहे, २०२३ मध्ये बाजारात आलेली. लांबी तीन मीटरच्या आत, बॅटरी १७.३ किलोवॅट-तासांची, दारं दोन आणि माणसं चार. केळीबाग रोडला जिथे मोठ्या गाडीवाले तिसरी चक्कर मारत असतात, तिथे ही पटकन घुसते. घरच्या चार्जरवर रिकामी बॅटरी भरायला सात तास, म्हणजे रात्री लावायची आणि विसरायची. पण मागे माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही. लग्नाला चौघं निघालात, तर आहेराचं ताट मांडीवर.

या गाडीची वंशावळ मजेदार आहे. २०१० च्या शांघाय एक्स्पोमध्ये जनरल मोटर्स आणि चीनच्या एसएआयसीने ईएन-व्ही नावाची दोन चाकांवर तोल सांभाळणारी, दोन माणसांची विजेरी डबी दाखवली होती. गर्दीच्या शहरांसाठी. एकमेकींशी बिनतारी बोलणाऱ्या, आपणहून टक्कर टाळणाऱ्या गाड्या ही त्यामागची कल्पना. ती डबी बाजारात आली नाही. पण त्याच दोन कंपन्यांच्या वुलिंग या चिनी कंपनीसोबतच्या भागीदारीतून पुढे छोट्या विजेरी कार निघाल्या, आणि कॉमेट त्यातल्याच एका कारवर बेतलेली आहे.

चौथं काम: 'कनेक्टेड' म्हणजे नेमकं काय, ते विचारा

हा शब्द हल्ली प्रत्येक पत्रकावर असतो. त्या एक्स्पोतल्या स्वप्नात गाड्या गाड्यांशी बोलत होत्या. तुमची स्कूटर तसं काही करत नाही. व्हरायटी चौकातल्या सिग्नलला तुम्ही येताय हे कळत नाही, आणि समोरून उलट्या बाजूने येणाऱ्या पोट्ट्यालाही नाही. आपल्याकडच्या गाडीत एक सिमकार्ड, एक जीपीएस आणि एक छोटा संगणक असतो. तो बॅटरीची माहिती, जागा, वेग कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो, आणि तिथून ती तुमच्या मोबाइलवर येते. बोलणं आहे, पण कंपनीमार्फत.

यात खरंच कामाचं काय? मला तीन गोष्टी. चार्जिंग मधेच थांबलं तर येणारी सूचना. वीज गेली की वरच कळतं. गाडी कुणी हलवली तर येणारा इशारा. पार्किंगमध्ये मांजर बसलं तरी येतो, हा भाग वेगळा. आणि बॅटरीची तब्येत किती टक्के उरली आहे ते दाखवणारं पान. बाकी रंगीत दिवे आणि स्वागताचं संगीत पहिल्या पंधरा दिवसांपुरतं.

घेण्याआधी विक्रेत्याला हे नक्की विचारा. सिमचं आणि ॲपचं शुल्क किती वर्षं मोफत, नंतर वर्षाला किती? शुल्क भरलं नाही तर काय काय बंद होतं? नेट नसताना गाडी चालू होते का? मोबाइलची बॅटरी संपली तर? या शेवटच्या दोन प्रश्नांचं उत्तर तोंडी घेऊ नका. त्याच्यासमोर स्वतःचा फोन विमानाच्या खुणेवर टाका आणि गाडी चालू करून बघा. चावी, कार्ड किंवा आकड्यांचा पिन, यातलं काहीतरी फोनशिवाय चालायलाच हवं.

तळघरातल्या पार्किंगमध्ये सिग्नल पोचत नाही, हे आपल्याकडे फार ठिकाणी आहे. मग ॲपवर कालचीच टक्केवारी दिसत राहते, आणि माणूस ऐंशी समजून निघतो तेव्हा प्रत्यक्षात बावीस असतात. निघताना गाडीच्या पडद्यावर बघायची सवय लावा, मोबाइलवर नाही.

अपडेटबद्दल माझी फजिती सांगते. सकाळचे नऊ वीस. हेल्मेट घातलेलं, डबा हुकला अडकवलेला, आणि पडद्यावर प्रश्न आला, नवीन सॉफ्टवेअर टाकायचं का? पावतीवर सही करावी तसं मी 'हो' दाबलं. गाडी पंचवीस मिनिटं मेली. पट्टी सरकते, थांबते, पुन्हा सरकते. शेजारच्या काकूंनी गच्चीतून हाक मारली, "काऊन वं, पेट्रोल संपलं का?" तेव्हापासून अपडेट शनिवारी रात्री, गाडी सिग्नल असलेल्या जागी लावून, बॅटरी अर्ध्याच्या वर असताना.

माहितीचंही थोडं. गाडी कधी कुठे गेली, किती वेगाने गेली, कुठे थांबली हे सगळं साठतं. आमच्या पुतण्याने ट्यूशनला जातो सांगून गाडी नेली आणि ॲपवर ती दीड तास फुटाळ्याच्या काठावर उभी दिसली. घरात हसू झालं, पण त्याच नोंदी कंपनीकडेही आहेत हे लक्षात ठेवा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे. ॲप पहिल्यांदा सुरू करताना ज्या परवानग्या मागतं, त्यातल्या फोटो, संपर्क यादी असल्या गोष्टी नाकारल्याने गाडीचं काही अडत नाही. आणि खात्याचा पासवर्ड घरात एकालाच माहीत असू देऊ नका, तो माणूस गावाला गेलेला असतानाच गाडी अडते.

पाचवं काम: चालवून बघा, दुपारी

शोरूमवाले सकाळी दहाला, रिकाम्या रस्त्यावर चक्कर देतात. तुम्ही दुपारी दोनची वेळ मागा. उन्हात पडदा वाचता येतो का? सीट किती तापते? वर्धा रोडच्या किंवा सदरच्या उड्डाणपुलावर मागे माणूस बसवून चढवा. चढावर वेग पडतो का ते बघा. उतारावर मूठ सोडल्यावर गाडी आपणहून धरते, ती तेव्हा बॅटरीत थोडी वीज परत टाकत असते. पण बॅटरी पूर्ण भरलेली असताना गाडी अशी जवळपास धरतच नाही, म्हणून सकाळी पहिल्या उतारावर ब्रेकवर हात ठेवा. आवाज नसल्यामुळे इतवारीच्या गर्दीत माणसं बाजूला होत नाहीत. पहिले काही दिवस हॉर्नवर अंगठा असू द्या, दाबायचा मात्र हलकेच.

सहावं काम: पैसे आणि कागद

हे थोडक्यात. विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्के आहे. नोंदणी शुल्काला २०२१ पासून सूट आहे. केंद्राची आणि राज्याची अनुदानं दरवर्षी बदलतात, म्हणून विक्रेत्याकडून अंतिम किंमत लेखी घ्या, त्यात अनुदान वजा केलेलं आहे की नंतर मिळणार आहे ते स्पष्ट लिहून. 'नंतर मिळेल' असेल तर ते नाही असं धरूनच हिशेब करा. कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकराच्या ८०ईईबी कलमाखाली दीड लाखाची वजावट मिळते असं अजूनही काही जण सांगतात. ती फक्त ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांना होती.

विम्यात थर्ड पार्टी हप्त्यावर विजेच्या गाडीला सवलत आहे, ती लावली का बघा. बॅटरी आणि चार्जर पाण्याने किंवा विजेच्या झटक्याने गेला तर भरपाई आहे का, हे वेगळं विचारा. हमीपत्रात वर्षांपेक्षा एक ओळ महत्त्वाची: बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर कंपनी बदलून देणार. ती ओळच नसेल तर आठ वर्षांची हमी म्हणजे नुसता कागद. बॅटरी भाड्याने घेण्याच्या योजनेत महिन्याला किमान किती किलोमीटरचे पैसे भरावेच लागतात, ते विचारून तुमच्या आठवड्याच्या नोंदीशी ताडून बघा.

नागपूरचा उन्हाळा आणि पाऊस

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि नवतप्यात तर बाहेर बघवत नाही. लिथियमच्या बॅटरीला थंडीपेक्षा उष्णतेत जास्त काळ राहणं बाधतं, आयुष्य घटतं. त्यामुळे एकच नियम कडक पाळा: तापलेली गाडी लगेच प्लगला लावायची नाही. घरी आलात, गाडी सावलीत लावा, आंघोळ-जेवण करा, मग खाली येऊन लावा. रात्री दहानंतर उत्तम. काही गाड्या तापल्या असताना चार्जिंग हळू करतात किंवा थांबवतात, तो बिघाड नाही, ती स्वतःला वाचवते आहे. ऑफिसात उन्हात उभी करावी लागत असेल तर निदान शंभर टक्के भरलेली उभी करू नका. रोज ऐंशी-पंचाऐंशीपर्यंत भरणं पुरतं. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर अधूनमधून पूर्ण भरा, नाहीतर तिची टक्केवारी चुकीची दिसू लागते.

दिवाळीत पंधरा दिवस गावी जाताय? बॅटरी अर्धी ठेवून जा. तो सर्व्हरशी बोलणारा संगणक गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज खातो, आणि बऱ्याच गाड्यांतली बारा व्होल्टची छोटी बॅटरी आधी मान टाकते. मोठी बॅटरी भरलेली आणि गाडी मात्र निपचित, असा प्रकार होतो. गावाला जाण्याचा काही मोड आहे का ते पुस्तिकेत बघा.

पावसात चालवायला हरकत नाही. बॅटरीवर आयपी-६७ लिहिलेलं असतं, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल अशी चाचणी. पण ती चाचणी स्वच्छ पाण्यात, नव्या कोऱ्या बॅटरीवर होते. लोहापुलाखाली किंवा नरेंद्रनगरच्या भुयारी रस्त्यात साचतं ते पाणी तसलं नसतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घराघरांत शिरलं, आणि खालच्या पार्किंगमधल्या गाड्या त्यात गेल्या. गाडी बुडाली असेल तर पाणी ओसरल्यावर ती चालू करून बघू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. मोकळ्या जागी ढकलून ठेवा आणि सर्व्हिसवाल्यांना बोलवा. आणि मुसळधार पावसात पार्किंगमधल्या प्लगचा एमसीबी वरूनच पाडता येईल अशी सोय आधीच करून घ्या. आमच्याकडे तो मीटरच्या खोलीत, गुडघाभर उंचीवर होता. आता डोक्याच्या उंचीवर नेला आहे.

जुनी घेणार असाल तर

जुन्या गाडीत किलोमीटरपेक्षा बॅटरीची तब्येत बघा, ॲपमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरवर तपासून. सोबतचा चार्जर मूळचाच आहे का, त्याची पिन काळवंडलेली नाही ना, हे पिन हातात घेऊन बघा. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात. आरटीओत नाव बदललं तरी ॲपमध्ये गाडी जुन्या मालकाच्याच खात्यावर राहते. तुम्ही कुठे आहात ते त्याला दिसतं, काही गाड्यांत तो ती दुरून कुलूपबंदही करू शकतो. त्याने तुमच्यासमोर त्याच्या फोनवरून गाडी काढून टाकली, तुमच्या फोनवर ती जोडली गेली आणि कुलूप उघडलं, मगच शेवटचे पाच हजार द्या.